कोड, घरचा दिवा आणि लग्नाची घाई

आपल्या गटांच्या आरोग्याच्या बैठकांमध्ये रक्तपांढरी, पाळी, बाळंतपण, अंगावरून जाणं हे विषय निघतात. अलीकडे मनाच्या आजारांवरही बायका बोलू लागल्या आहेत. अंगावरच्या पांढऱ्या डागांचा विषय मात्र क्वचितच निघतो. एक तर कोडाने कोणी मरत नाही, ते दुखत-खुपत नाही, त्यामुळे आरोग्याच्या प्रश्नांच्या यादीत ते नेहमी तळाशी राहतं. शिवाय जिच्या अंगावर डाग आहेत ती बाई बैठकीला बहुधा येतच नाही. आली तर बाह्या मनगटापर्यंत ओढून, पदर लपेटून मागे बसते. तिचा प्रश्न मांडायला तिथे कोणी नसतं.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत घरोघर फिरताना आता काही घरांत एक नवी वस्तू दिसते. हातात धरायचा, कंगव्याएवढा किंवा त्याहून थोडा मोठा विजेचा दिवा. शहरातल्या त्वचारोगतज्ज्ञाने लिहून दिलेला, कोणाच्या भावाने मुंबईहून आणलेला, कोणी मोबाइलवरून मागवलेला. कोडावर घरच्या घरी प्रकाशोपचार करण्यासाठी तो असतो. या दिव्याबद्दल आपण बायकांच्या संघटनांनी बोलायला हवं असं मला वाटतं. दिवा कामाचा आहे आणि आपल्या भागातल्या गरजू बाईपर्यंत तो पोचायला हवा. पण तो वापरायचा की नाही, किती महिने वापरायचा, कुठल्या डागावर वापरायचा, हे तिने ठरवायला हवं. आज बहुतेक घरांत ते लग्नाची तारीख ठरवते.

आधी रोग समजून घेऊ

आपल्या त्वचेला रंग देणाऱ्या पेशी असतात. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच या रंगपेशींवर उलटते, त्या नष्ट होतात आणि तिथली त्वचा खडूसारखी पांढरी पडते. हे कोड. ते स्पर्शाने, एकत्र जेवल्याने, शरीरसंबंधाने, कशानेही दुसऱ्याला होत नाही. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने होत नाही. मागच्या जन्मीच्या पापाने होत नाही. जगात दर शंभरांत साधारण अर्धा ते दोन माणसांना ते असतं, आणि बायका-पुरुष दोघांनाही असतं. काहींना त्याच्या जोडीने थायरॉईडचा त्रास असतो, म्हणून ती तपासणी करून घेणं शहाणपणाचं.

बायकांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ज्यांना कोड आहे त्यांच्या त्वचेला सतत घासलं गेलं तर तिथे नवा डाग उठू शकतो. परकराच्या घट्ट नाडीखाली कमरेभोवती पांढरा पट्टा उमटलेल्या बाया डॉक्टरांना भेटतात. दुसरी गोष्ट टिकलीची. चिकटवायच्या काही टिकल्यांच्या गोंदात रंगपेशींना मारक अशी फिनॉल जातीची रसायनं असतात. त्यांमुळे कपाळाच्या नेमक्या मध्यावर पांढरा ठिपका येतो, आणि तो झाकायला बाई आणखी मोठी टिकली लावते. अशा वेळी पहिला उपचार म्हणजे टिकली बंद करणं. पण सवाष्णीने मोकळ्या कपाळाने हिंडायचं कसं, हा प्रश्न घरातून येतोच.

शब्दाचाही घोटाळा आहे. ‘कोड’ हा शब्द ‘कुष्ठ’ यावरूनच आला. श्वेतकुष्ठ असंही त्याला म्हणतात. त्यामुळे महारोगाची सगळी भीती या निरुपद्रवी डागांना चिकटली. खरं तर महारोगाच्या चट्ट्याला संवेदना नसते, तो फिकट किंवा लालसर असतो. कोडाचा डाग पांढराशुभ्र असतो आणि तिथे स्पर्श नीट कळतो. महारोगही आज औषधांनी पूर्ण बरा होतो आणि ती औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. तेव्हा वाडीवर आशाताई चट्टे तपासायला येतात तेव्हा लपून बसू नये. शिबं, महारोग, कोड यांतलं काय आहे हे आधी ठरायला हवं. निदान झाल्याशिवाय दिवा हातात घेणं चुकीचं आहे.

उजेडाचा उपचार जुनाच आहे

बावचीच्या बिया वाटून डागावर लावायच्या आणि उन्हात बसायचं, हा उपचार आपल्याकडे फार जुना. बावचीतलं सोरालेन नावाचं द्रव्य उन्हाचा परिणाम वाढवतं. इजिप्तमध्येही अशाच एका वनस्पतीची परंपरा होती आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या डॉ. अल् मोफ्ती यांनी तिच्यातलं द्रव्य वापरून आधुनिक उपचार मांडला. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना तर प्रकाशाने त्वचेचा क्षय बरा केल्याबद्दल १९०३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं होतं. म्हणजे उजेड हे औषध आहे हे नवं नाही. प्रश्न मात्रेचा होता. बावचीचं तेल लावून दुपारच्या उन्हात बसलेल्या पोरींचे हात फोडांनी भरलेले आपण पाहिलेत. शिवाय आपल्याकडे जून ते सप्टेंबर ऊन असतं कुठे?

आताचा दिवा अतिनील किरणांतला एक अगदी अरुंद पट्टा देतो, ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा. कोडासाठी त्याचा उपयोग होतो हे नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये दाखवलं. त्याबरोबर सोरालेनची गोळी किंवा लेप लागत नाही. केसांच्या मुळाशी काही रंगपेशी शिल्लक असतात. या प्रकाशाने त्या जाग्या होतात आणि वर सरकतात. म्हणून डागात आधी केसांभोवती तपकिरी ठिपके दिसतात आणि मग ते एकमेकांना मिळतात. चेहऱ्यावर, मानेवर रंग चांगला भरतो. बोटांची टोकं, तळवे, ओठ इथे केस नाहीत, तिथे तो क्वचित भरतो. भात लावणीत, भांड्यांत, विटांच्या कामात जे हात सगळ्यांना दिसतात, तेच सर्वांत हट्टी ठरतात. हे बाईला सुरुवातीलाच सांगितलं पाहिजे.

हातातला दिवा घरी वापरून काय होतं याची मोठी चाचणी ब्रिटनमध्ये झाली आणि २०२१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ५१७ जणांनी भाग घेतला, त्यांत मुलंही होती. त्यांना दिवा वापरायचं रीतसर शिक्षण दिलं होतं. नऊ महिन्यांनी नुसतं स्टिरॉइड मलम लावणाऱ्यांपैकी शंभरांत १७ जणांना, नुसता दिवा वापरणाऱ्यांपैकी २२ जणांना आणि दोन्ही वापरणाऱ्यांपैकी २७ जणांना यश आलं. दोन्ही मिळून वापरणं नुसत्या मलमापेक्षा सरस ठरलं. नुसता दिवा मलमापेक्षा सरस आहे असं मात्र ठामपणे म्हणता आलं नाही. उपचार थांबल्यावर पुष्कळांचा रंग पुन्हा ओसरला.

हे आकडे दोन कारणांसाठी मुद्दाम दिले. एक म्हणजे, ‘तीन महिन्यांत खात्रीने डाग गायब’ असं छापणाऱ्या जाहिराती खोट्या आहेत हे त्यावरून कळतं. चारांपैकी तिघींना पुरतं यश येत नाही, तेही नीट शिकवून, नियमित देखरेखीत. दुसरं म्हणजे, या चाचणीत यश कशाला म्हणायचं हे डॉक्टरने ठरवलं नव्हतं. ‘डाग पूर्वीपेक्षा बराच कमी दिसतो’ किंवा ‘आता दिसत नाही’ असं रुग्णाने स्वतः सांगितलं तरच ते यश धरलं. माझ्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट आहे. तिच्या अंगावरच्या डागाचं काय झालं, हे तिला विचारून ठरवलं. सासूला विचारून नाही, स्थळ घेऊन आलेल्या मध्यस्थाला विचारून नाही.

कर्जतहून मुंबईचा हिशेब

हा उपचार आठवड्यातून दोन-तीनदा, एक दिवस सोडून घ्यावा लागतो. उपयोग होत नाही असं म्हणण्याआधी निदान ४८ वेळा तरी घ्यावा, असं या विषयातले तज्ज्ञ सांगतात. काहींना ७२ वेळाही लागतो. आता हिशेब करा. काशेळ्याच्या पुढच्या वाडीतल्या बाईला मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात जायचं तर आधी चालत किंवा टमटमने रस्त्याला, मग कर्जत स्टेशन, मग शंभर किलोमीटरचा लोकलचा प्रवास. दोन-अडीच तास जायला, तेवढेच यायला. तिथे दिव्यासमोर उभं राहायचं ते काही सेकंद, फार तर काही मिनिटं. यासाठी ४८ दिवसांचा रोज बुडवायचा, ४८ वेळा पोरं कोणाकडे तरी ठेवायची. कोणती शेतमजूर बाई हे करील? खोपोलीच्या कारखान्यात कंत्राटावर असलेली बाई तरी आठवड्याला तीन सुट्ट्या कुठून आणील?

म्हणून घरचा दिवा ही चैन आहे असं मी मानत नाही. तो हजारांत जातो हे खरं. पण ४८ फेऱ्यांचं भाडं आणि बुडालेला रोज मांडला तर चैन कुठली हे कळेल.

आणखी एक गोष्ट मनात येते. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ मध्ये. इथल्या डोंगरावरच्या पाण्याने मुंबईच्या गिरण्या चालल्या आणि मुंबई उजळली. शंभर वर्षांनीही त्याच डोंगरांच्या पायथ्याच्या वाड्यांत पावसाळ्यात एकदा लाइट गेली की कधी येईल याचा नेम नसतो. औषध म्हणून जिला उजेड हवा, तिचा हक्क या भागावर मुंबईइतकाच आहे.

घर कोणाचं?

‘घरी वापरायचा दिवा’ म्हणताना आपण घर गृहीत धरतो. ज्यात एक खोली रिकामी आहे, दार लावता येतं, पंधरा मिनिटं कोणी हाक मारत नाही, असं घर. आपल्या किती बायकांना ते आहे? एका खोलीच्या घरात सासरा खाटेवर, पोरं अभ्यासाला, दीर येतो-जातो. तिथे पाठीवरचा, मांडीवरचा डाग उघडा करून दिवा धरायचा कुठे? पाठीवर स्वतःचा हात पोचत नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी मदतीशिवाय ते होत नाही. मग जे डाग लोकांना दिसतात त्यांवरच दिवा लागतो, आणि बाकीचे राहून जातात.

एका बाईने दिवा माहेरी ठेवला आहे. सासरी कळलं तर ‘लपवून दिली’ म्हणतील ही भीती. दर रविवारी आईला भेटायच्या निमित्ताने ती जाते आणि दिवा लावून येते. आठवड्यातून एकदाच. कधी तेही चुकतं. डाग आहेत तसेच आहेत, आणि ती म्हणते की माझ्या नशिबातच नाही. नशिबाचा इथे काय संबंध? मात्राच अर्धी पडते आहे.

दुसऱ्या एका घरात मुलीचं लग्न मार्गशीर्षात उरकायचं होतं. वडिलांनी कर्ज काढून दिवा आणला आणि पोरीला रोज, दिवसातून दोनदा तो धरायला लावला. लवकर रंग यावा म्हणून सेकंदांची मिनिटं केली. हातावर, गळ्यावर भाजल्याचे फोड आले. उपचार थांबला, लग्नही थांबलं. दोष कोणाला मिळाला? पोरीलाच.

या दोन्ही बायांजवळ दिवा होता. पहिलीजवळ तो उघडपणे वापरायची मोकळीक नव्हती, दुसरीजवळ नाही म्हणायची. दोघींच्या बाबतीत डागाचं खरं नाव लग्न असंच होतं. ज्या समाजाला सून गोरी हवी, जो पोरीच्या तोंडाला गोरेपणाची क्रीम फासतो, तोच समाज तिच्या अंगावर दोन पांढरे ठिपके दिसले की तिला परत पाठवतो. आणि मुलाच्या अंगावरचे डाग? ‘पुरुषाचं काय बघायचं, कमावतो ना?’

कायदा काय म्हणतो

बायकांना वाटतं की कोड असलं की नवरा सोडू शकतो. हिंदू विवाह कायद्यात कोड हे घटस्फोटाचं कारण कधीच नव्हतं. १९५५ पासून होतं ते असाध्य महारोगाचं कलम, आणि तेही २०१९ च्या दुरुस्तीने काढून टाकलं. मात्र १९७६ च्या दुरुस्तीपासून एक गोष्ट आहे. लग्नाच्या वेळी दुसऱ्या पक्षाबद्दलची महत्त्वाची वस्तुस्थिती फसवून लपवली, असं म्हणून लग्न रद्द करून मागता येतं. फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत तसा अर्ज करावा लागतो, आणि कळल्यावरही राजीखुशीने संसार केला असेल तर तो चालत नाही. म्हणजे डाग लपवून लग्न लावणं हेच पुढे मुलीविरुद्ध वापरलं जाऊ शकतं. ‘दिवा लावून तेवढ्यापुरते डाग झाका, बार उडवून टाका’ असा सल्ला देणारे मामा-काका तिचं हित करत नाहीत. आधी सांगून ठरलेलं लग्न तिला कायद्यानेही अधिक सुरक्षित ठेवतं.

आपल्या ठाकूर, कातकरी बहिणींना हिंदू विवाह कायदा सहसा लागू होत नाही, कारण अनुसूचित जमाती त्यातून वगळल्या आहेत. तिथे जातपंचांची रीत चालते. पण २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा सर्व बायकांना लागू आहे. त्यात अपमान, हेटाळणी, नावं ठेवणं यांनाही हिंसाच म्हटलं आहे. ‘कोडी’ म्हणून रोज टोमणे, वेगळं ताट, पोराला जवळ घ्यायची बंदी, हे सगळं संरक्षण अधिकाऱ्यापुढे मांडता येतं. मात्र कोड हे २०१६ च्या अपंगत्वाच्या कायद्यातल्या २१ प्रकारांत नाही, त्यामुळे त्या सवलती मिळत नाहीत.

‘उपचार कशाला?’ म्हणणाऱ्या मैत्रिणींना

चळवळीतल्या काही जणी विचारतात की जो रोग अपाय करत नाही त्यावर उपचार का करायचे? आहे तसं अंग स्वीकारायला शिकवायचं सोडून आपणही दिवेच वाटत बसायचं का? प्रश्न रास्त आहे. पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांनी ‘श्वेता असोसिएशन’मार्फत नेमकं हेच काम केलं आहे. डाग असलेल्या माणसांना एकत्र आणायचं, उघड्या हातांनी लोकांत वावरायचं बळ द्यायचं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा २००६ चा चित्रपट याच विषयावर आहे, आणि बैठकीत दाखवावा असा आहे.

पण स्वीकाराचा उपदेशही बाईवर लादता येत नाही. जिला उद्या बाजारात भाजी विकायची आहे आणि गिऱ्हाईक तिच्या हाताकडे बघून पुढे जातं, तिला ‘स्वतःवर प्रेम कर’ सांगून पोट भरत नाही. तंत्रज्ञानाचा अनुभव आपल्याला नवा नाही. गर्भजल परीक्षेविरुद्ध आपण लढलो आणि १९८८ मध्ये महाराष्ट्रात देशातला पहिला कायदा झाला. बायकांवर टोचायच्या गर्भनिरोधकांविरुद्ध लढलो. त्या लढ्यांत आपण यंत्राबद्दल आणि औषधाबद्दल एकच विचारत आलो, की माहिती कोणाजवळ आहे आणि निर्णय कोण घेतं? या दिव्यालाही तोच प्रश्न लावू या. पूर्ण माहिती घेऊन एखादी म्हणाली की मला चेहऱ्यावरचा डाग घालवायचा आहे, तर तिला दिवा मिळावा. दुसरी म्हणाली की मला काहीच करायचं नाही, तर तिच्या मागे कोणी दिवा घेऊन लागू नये. तिसरी चार महिन्यांनी कंटाळून थांबली तर तिला आळशी म्हणू नये.

आपण काय करू शकतो

गटाने मिळून दिवा घ्यावा. बचत गट कर्जाने शिलाई मशीन घेतो, तसा दोन-तीन वाड्यांसाठी एक दिवा घेता येईल. तो अंगणवाडीसारख्या जागी, दार लावता येईल अशा खोलीत ठेवावा. तिथे पाठीवर दिवा धरायला मैत्रीण असेल, आणि सासूला उत्तर द्यायला ‘मीटिंग आहे’ हे कारणही असेल. प्रत्येकीचं निदान आणि मात्रा त्वचारोगतज्ज्ञाने ठरवलेली असावी आणि तारीख, सेकंद, त्वचा कशी होती याची वही प्रत्येकीची वेगळी असावी.

सुरक्षिततेचे नियम भिंतीवर लावावेत. डोळ्यांना अतिनील किरण अडवणारा चष्मा लावल्याशिवाय दिवा पेटवायचा नाही, जवळ लहान मूल नको. सुरुवात सेकंदांपासून, वाढ हळूहळू, रोज कधीच नाही. त्वचेवर येणारी हलकी गुलाबी झाक २४ तासांत गेली पाहिजे. राहिली, आग झाली, फोड आले तर थांबून डॉक्टरांना विचारायचं. उन्हाने पुरळ उठणाऱ्यांनी आणि इतर औषधं चालू असणाऱ्यांनी आधी सांगायचं. गरोदर बाईने सोरालेनच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. स्टिरॉइड मलम चिठ्ठीशिवाय दुकानातून आणायचं नाही.

नकली दिव्यांपासून सावध राहावं. कोरोनाच्या काळात जंतू मारायच्या अतिनील नळ्या घरोघर विकल्या गेल्या. त्यांचे किरण २५४ नॅनोमीटरचे. त्यांनी कोड बरं होत नाही, डोळे आणि कातडी मात्र भाजते. नुसता निळा किंवा लाल उजेड देणारे शोभेचे दिवेही ‘थेरपी’ म्हणून विकतात. ३११ नॅनोमीटर असं लिहिलेलं आहे का, हे पाहायचं आणि डॉक्टरांना दाखवूनच घ्यायचा.

आणि सरकारकडे मागणी करू या. कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय, काशेळे आणि चौकची ग्रामीण रुग्णालयं इथे आठवड्यातून ठरावीक दिवशी त्वचारोगतज्ज्ञ मिळावा. प्रकाशोपचाराचं यंत्र तालुक्याला असावं आणि घरी नेण्यासाठी दिवे उसने मिळावेत. दरवर्षी २५ जूनला जागतिक कोड दिन असतो. त्या दिवशी हे निवेदन घेऊन तहसील कचेरीवर जाता येईल. पाऊस सुरू झालेला असतो, लावणीची धांदल असते, तरी पंचवीस-तीस जणी निघतील.

त्याआधी एक छोटी गोष्ट. पुढच्या बैठकीत आरोग्याच्या विषयांची यादी फळ्यावर लिहाल तेव्हा तिच्यात ‘पांढरे डाग’ हे दोन शब्दही लिहा. मागे पदर लपेटून बसलेली बाई त्या दिवशी बोलेलच असं नाही. पण पुढच्या महिन्यात ती पुन्हा येईल. तुमच्या गटात या विषयावर काय बोलणं झालं, ते आम्हाला जरूर कळवा.